जाडीच्या दिशेनं

तळेगावहून लोणावळा लोकल पकडली की चौथं स्टेशन मळवली. तिथं उतरून एक्स्प्रेसवे ओलांडायचा आणि भाजे गावातून लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या. वराळ्यात खोली घेऊन सिव्हिल शिकत असताना पावसाळ्यातल्या कितीतरी रविवारी मी हेच केलं. बाकीचे धबधब्याकडे जायचे. मी चैत्यगृहात जाऊन वर बघत बसायचो.

भाज्याच्या चैत्यगृहाचं छत पालथ्या होडीसारखं आहे. त्याला आतून लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या लावलेल्या आहेत. लेणं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. लाकडाचं वय काय, याचा पुरावा लाकडावरच आहे. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांना या तुळयांवर ब्राह्मी अक्षरं सापडली आणि १९५९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. म्हणजे डोक्यावरचं ते लाकूड दोन हजार वर्षांहून जुनं आहे.

आणि ते कसलंही वजन पेलत नाही. वर अख्खा डोंगर आहे, तो आपापला उभा आहे. फासळ्या काढून घेतल्या तरी छत पडणार नाही. जवळच्या बेडसे लेण्यांतलं लाकूड गेलं, छत आहे तिथंच आहे.

खांबांकडे बघितलं तर आणखी एक गंमत दिसते. इथले २७ अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी सभागृहात वाकडं छत भिंतींना बाहेर ढकलतं, तो रेटा अडवायला खांब आत कलते ठेवतात. खडकात रेटा नाही, तरी कोरणाऱ्यांनी खांब कललेलेच ठेवले. लाकडात काम करून शिकलेली गोष्ट त्यांनी दगडातही सोडली नाही. वाकड्या छतात बळ कुठल्या दिशेला जातं, हे त्यांना आकडेमोडीशिवाय ठाऊक होतं.

*

आता एक साधा कागद हातात घ्या. एका टोकाला धरलात तर दुसरं टोक लोंबतं. तोच कागद पन्हळीसारखा थोडा वाकवून धरा, ताठ उभा राहील. कागद तोच, जाडी तीच, बदलला फक्त आकार. कवच-रचनांचा, म्हणजे कॉलेजात ज्याला ‘शेल’ म्हणतात त्यांचा, सगळा अभ्यास इथून सुरू होतो. सपाट स्लॅब वजन पेलताना वाकते, म्हणून तिला जाडी लागते. वक्र कवच तेच वजन आपल्या पृष्ठभागातूनच सरकवत कडेला नेऊन सोडतं, म्हणून ते पातळ चालतं.

किती पातळ? विजापूरचा गोल घुमट १६५६ च्या सुमारास पुरा झाला. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, जाडी तळाशी सुमारे ३ मीटर. म्हणजे जाडी व्यासाच्या तेराव्या हिश्श्याइतकी. कोंबडीच्या अंड्याचं कवच त्याच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही पातळ असतं. माणसाला अंड्याच्या पुढे जायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या येना शहरात झाइस कंपनीच्या छपरावर १६ मीटर व्यासाचा काँक्रीटचा प्रायोगिक घुमट उभा राहिला. त्याची जाडी होती फक्त ३ सेंटिमीटर.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सिमेंट आणि लोखंड दोन्ही टंचाईचं होतं. कमी मालात छप्पर हवं होतं. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत जी. एस. रामस्वामी यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. चौकटीवर कापड सैल बांधायचं, त्यावर ओलं काँक्रीट ओतायचं. वजनानं कापड झोळीसारखं खाली येतं. काँक्रीट वाळलं की तो तुकडा उलटा करायचा. लोंबताना ज्या आकारात फक्त ताण होता, तो उलटल्यावर त्यात फक्त दाब राहतो, आणि दाब सोसण्यात काँक्रीट पटाईत. लोंबती साखळी उलटी केली की उत्तम कमान मिळते, हे रॉबर्ट हूकनं सतराव्या शतकात सांगितलं होतं. इथं त्याच कल्पनेतून गरिबाच्या घराचं छप्पर निघालं. १९६२ मध्ये कवच-रचनांसाठी भारतीय मानक आलं, १९६८ मध्ये रामस्वामींचं पुस्तक आलं.

या सगळ्या गणिताच्या पायाशी एक गृहीतक आहे. १८८८ मध्ये ऑगस्टस लव्ह या इंग्रज गणितज्ञानं पातळ कवचांचा सिद्धांत मांडला. कवच इतकं पातळ आहे, तर जाडीच्या दिशेनं काय बळं लागतात ती सोडून द्या, असं त्यात आहे. लांबीकडे बघा, रुंदीकडे बघा. जाडीच्या दिशेचा ताण इतरांच्या मानानं नगण्य. गृहीतक वाजवी आहे. त्याच्याशिवाय कागद-पेन्सिलीनं एकही घुमट सुटला नसता. अडचण एवढीच की पुढे आपण ते गृहीतक आहे हेच विसरतो.

*

कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी कैगा आहे. मराठी आणि कोकणी दोन्ही कानावर पडणारा हा सीमाभाग. तिथं अणुभट्टीचं बांधकाम चालू होतं. अणुभट्टीभोवती दुहेरी कवच असतं. आतलं कवच प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचं, म्हणजे आत पोलादी केबल घालून त्या ताणून ठेवलेल्या. अपघात झालाच तर किरणोत्सारी वाफ बाहेर पडू न देणं हे त्याचं काम. वर घुमट: व्यास ४० मीटरच्या घरात, जाडी अर्ध्या मीटरहून कमी. गणिताच्या भाषेत अगदी ‘पातळ कवच’.

१३ मे १९९४ रोजी पहिल्या युनिटच्या आतल्या घुमटाचा खालचा थर सुटला. सुमारे १३० टन काँक्रीट खाली कोसळलं. १४ कामगार जखमी झाले. भट्टीत इंधन भरलेलं नव्हतं, म्हणून गोष्ट तिथंच थांबली.

घुमट मोडला नव्हता, वाकला नव्हता. कांद्याच्या पापुद्र्यासारखा तो जाडीतून सुटला होता.

असं का झालं ते घरी करून बघता येतं. वाकवलेल्या पाइपातून दोरी घाला आणि दोन्ही टोकं ओढा. दोरी पाइपाच्या आतल्या वळणाला रुतते. आता एक पोस्टकार्ड दोन्ही कडांनी दाबा, ते बाहेर फुगतं. घुमटात हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं. ताणलेली केबल आत रुतू बघते, तिच्या ताणानं दाबलं गेलेलं काँक्रीट बाहेर फुगू बघतं. मधल्या पातळीत केबलच्या नळ्या ओळीनं बसवलेल्या, त्यामुळे तिथं काँक्रीट मुळातच कमी. दोन थरांना धरून ठेवायला उरतं फक्त काँक्रीटचं ताण सोसण्याचं बळ, आणि त्यात काँक्रीट कच्चं. शिवाय या घुमटात यंत्रसामग्रीसाठी मोठी भोकं होती, त्यांच्याभोवती केबल वळवलेल्या होत्या.

म्हणजे ज्या दिशेचं बळ नगण्य मानायचं, त्याच दिशेनं घुमट फाटला.

हे पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टर्की पॉइंट इथं १९७० मध्ये आणि क्रिस्टल रिव्हर इथं १९७६ मध्ये अणुभट्टीच्या घुमटांचे थर असेच सुटले होते. माहिती जगात होती. पण एका देशातला तडा दुसऱ्या देशातल्या ड्रॉइंगपर्यंत आपोआप पोचत नाही, तो कुणीतरी पोचवावा लागतो.

कैग्यानंतर आराखडा नव्यानं केला गेला. एम-६० दर्जाचं जास्त ताकदीचं काँक्रीट आलं, आणि थरांना आरपार शिवणाऱ्या, म्हणजे जाडीच्या दिशेनं जाणाऱ्या सळया आल्या. पुढे तारापूरला भाभा अणुसंशोधन केंद्रानं अशा कवचाची एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती उभारली आणि आत दाब वाढवत नेऊन ते कुठवर टिकतं हे तपासलं. कागदावर, पवईच्या आयआयटीत तरुण कांत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं असे सिद्धांत रचले ज्यांत जाडीची दिशा सोडून दिलेली नाही. त्यांचा मुख्य विषय थराथरांचं कंपोझिट, पण प्रश्न त्याच जातीचा: थर एकमेकांपासून कधी सुटतील?

कैग्याचं तेच पहिलं युनिट २००० साली सुरू झालं. २०१८ च्या अखेरीस त्यानं सलग ९६२ दिवस न थांबता चालून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. बातमी मी फोनवर वाचली होती. त्यात विक्रम होता, ते १४ जण नव्हते.

*

आज कॉलेजात आम्ही घुमट कागदावर सोडवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘शेल एलिमेंट’ निवडतो, जाडीचा आकडा टाइप करतो आणि एंटर मारतो. दोन सेकंदांत स्क्रीनवर लाल-निळे रंग पसरतात. सगळं निळं असलं की जिवाला बरं वाटतं. पण नेहमीच्या शेल एलिमेंटमध्ये जाडीच्या दिशेचा ताण शून्य धरलेला असतो. तो सुरक्षित आहे म्हणून निळा दिसत नाही. तो मोजलेलाच नाही. लव्हचं १८८८ चं गृहीतक त्या एका क्लिकच्या आत बसलेलं आहे, आणि ते वापरताना कुणी आपल्याला विचारत नाही.

मला हे कळलं ते प्रोजेक्टच्या व्हायव्हात. परीक्षकांनी विचारलं, “जाडीच्या दिशेनं किती ताण येतो?” मी म्हणालो, “सर, काहीच नाही.” ते म्हणाले, “नाही, की बघितला नाही?”

पुढच्या रविवारी पुन्हा भाज्याला गेलो. ज्यांना गणित येत नव्हतं त्यांनी खडकातही खांब आत कलते ठेवले होते. रेटा नसलेल्या जागी त्यांनी रेट्याची आठवण ठेवली. मी मात्र जिथं ताण असू शकतो तिथं शून्य टाइप करून मोकळा झालो होतो. खाली उतरलो, लोकलला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर बसून प्रोजेक्टची फाइल उघडली आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवली: या विश्लेषणात जाडीच्या दिशेचा ताण धरलेला नाही.