चार नळकांडी, शून्य टीडीएस

रीफ टँकसाठी वापरलेलं आरओडीआय यंत्र विकायला निघालं की जाहिरातीतले फोटो सगळे एकसारखेच दिसतात. एका पत्र्याला लटकवलेली तीन उभी नळकांडी, त्यांच्या डोक्यावर आडवं चौथं, एक प्रेशर गेज आणि सापांसारख्या गुंडाळलेल्या रंगीत नळ्या. खाली लिहिलेलं असतं: ‘उत्तम स्थितीत, टँक बंद करतोय.’ नवं यंत्र इथे कॅलिफोर्नियात पावणेदोनशे-दोनशे डॉलरच्या आसपास पडतं, जुनं त्याच्या निम्म्यात. मी ते घ्यायला निघालो आणि चारही नळकांडी कुठून आली हे वाचत बसलो. यंत्राचं वय आणि त्यातल्या कल्पनांचं वय यांचा फारसा संबंध नसतो, हे तेव्हा लक्षात आलं.

आधी, हे कशाला लागतं ते. रीफ टँक म्हणजे घरातल्या काचेच्या टाकीत खारं पाणी, सजीव दगड, मासे आणि जिवंत प्रवाळ. (हे वाचून पुण्यात टाकी लावायला निघू नका. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. इथे घरच्या टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे दुकानात मिळतात.) टाकीतून रोज पाण्याची वाफ होते, पण क्षार मागेच राहतात. माझ्या ६० गॅलनच्या टाकीतून दिवसाला साधारण एक गॅलन उडतं. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस २९०, म्हणजे लिटरमागे २९० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ. तेच पाणी रोज ओतलं तर वर्षाकाठी चारशे ग्रॅम ऐवज टाकीत साठतो. त्यातलं कॅल्शियम चालेल. पण नायट्रेट आणि फॉस्फेटवर शेवाळ पोसतं, सिलिकेटवर तपकिरी बुरशीसारखा डायटमचा थर चढतो, आणि पाइपातून येणारं तांबं थोडंसं असलं तरी प्रवाळ आणि कोळंबी यांच्या जिवावर उठतं. म्हणून आधी पाणी शून्यावर आणायचं आणि मग त्यात मोजून समुद्र कालवायचा.

हा उद्योग व्हिक्टोरियन आहे. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावर गेल्या होत्या. तिथले कपासारखे छोटे प्रवाळ त्यांना इतके आवडले की ते त्यांनी बरणीत घालून लंडनला आणले. पंप नव्हता. मग घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज बराच वेळ ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे, हवा मिसळावी म्हणून. घरात प्रवाळ जगवल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद. प्रवाळ जगले ते त्या मोलकरणीच्या दंडांवर, आणि इतिहासात नाव मात्र बाईंचं राहिलं.

थिनबाईंना पाणी किनाऱ्यावरून आणवावं लागे. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने समुद्राच्या पाण्याच्या रासायनिक विश्लेषणावरून घरी कालवायच्या खाऱ्या पाण्याची कृती छापली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमची क्लोराइडं. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचला तो त्याच वर्षी आलेल्या त्याच्या पुस्तकामुळे. पुढे या छंदापायी इंग्लंडच्या खडकांमधली डबकी लोकांनी ओरबाडून रिकामी केली आणि गॉसला त्याचं दुःख झालं, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय.

नंतरची शंभर वर्षं प्रवाळाच्या बाबतीत फारशी सांगण्यासारखी नाहीत. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात लिहिलं की समुद्रातून आणलेला जिवंत दगड, ताजं समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर आपल्याकडे प्रवाळ जगतात. त्यांच्या दाराशी समुद्र होता. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, तेही समुद्रासमोरच. पण बर्लिनकरांनी काय करायचं? तिथे पीटर विल्किन्स, डीट्रिश श्टूबर वगैरे मंडळींनी पुड्यातलं मीठ, जिवंत दगड, फेस काढणारा स्किमर आणि कडक दिवे यांची पद्धत बसवली. श्टूबरच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे या हातातून त्या हातात जात जगभर पसरले आणि आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने हे वेड बैठकीच्या खोल्यांत शिरलं.

बैठकीच्या खोलीत समुद्र नसतो, नळ असतो. आणि नळाचं पाणी माणसासाठी बनवलेलं असतं.

१९०८ मध्ये न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन घालायला सुरुवात झाली. अमेरिकेतलं असं पहिलं मोठं शहर. टायफॉइड आटोक्यात येण्यात क्लोरीनचा वाटा प्रचंड आहे, त्यामुळे नळाच्या क्लोरीनला नावं ठेवणाऱ्या रीफवाल्यांचा मला जरा राग येतो. पण प्रवाळाला ते चालत नाही हेही खरं. म्हणून गाळ अडवणाऱ्या पहिल्या नळकांड्यानंतर दुसऱ्यात असतो सक्रिय कोळसा. हा मोठ्या प्रमाणावर बनू लागला तो पहिल्या महायुद्धात, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांसाठी. १९१८ मध्ये अमेरिकेत त्यासाठी पीचच्या आठळ्या गोळा करायची मोहीम निघाली होती. सगळ्यात चांगला कोळसा नारळाच्या करवंटीचा होतो. कोकणातल्या वाचकांनी करवंटी चुलीत घालताना याचा विचार करावा.

आता आडवं नळकांडं, म्हणजे मेम्ब्रेन. जुनं यंत्र घेताना खरी जोखीम इथे असते.

१७४८ मध्ये नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने दारूच्या अर्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि भांडं पाण्यात ठेवलं. पाणी आत शिरलं, पडदा फुगला. शाळेत आपण शिकलो ते परासरण ते हेच. उलट दिशेने दाब दिला तर पाणी क्षार सोडून बाहेर येईल हेही पुढे कळलं, पण तसा पडदा नव्हता. १९५२ मध्ये अमेरिकन सरकारने समुद्राचं पाणी गोडं करायच्या संशोधनासाठी कायदा करून पैसा ओतला. फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी दाखवलं की सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म क्षार अडवते. फक्त तिच्यातून पाणी इतकं कमी यायचं की तहानलेला माणूस वाट बघून मेला असता.

लॉस एंजलिसला यूसीएलएमध्ये दोघं याच प्रश्नावर काम करत होते. सिडनी लोब हे चाळिशीत नोकरीनंतर परत शिकायला आलेले विद्यार्थी, आणि श्रीनिवास सौरीराजन हे भारतात जन्मलेले रसायनतज्ज्ञ. त्यांनी बाजारात मिळणारी फिल्म पाण्याखाली तापवून लावून बघितली. कधी क्षार छान अडायचे, कधी अजिबात नाही. तीच फिल्म, तोच दाब. आमच्या भाषेत याला ‘इंटरमिटंट बग’ म्हणतात आणि तो सगळ्यात तापदायक असतो. शेवटी उलगडा झाला तो असा, की फिल्मच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. एक बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेवली तर चालायची, उलटी लावली तर नाही. एका बाजूला अतिशय पातळ घट्ट साय आणि खाली जाडसर सच्छिद्र आधार. क्षार अडवते ती सायच, आणि ती पातळ असल्यामुळे पाणी भराभर येतं. मग त्यांनी मुद्दामच असा पडदा ओतून बनवला. त्यातून रीड-ब्रेटनच्या फिल्मच्या दहापट आणि त्याहूनही जास्त पाणी निघालं. सौरीराजन १९६१ पासून कॅनडात ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये होते. आज महाराष्ट्रात घरोघरी आरओ आहे, पण हे नाव मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदाही ऐकू आलं नव्हतं.

१९६५ मध्ये हा पडदा प्रयोगशाळेबाहेर पडला तो कोलिंगा गावात. आय-फाइव्हवरून एलएला जाताना अर्ध्या वाटेत गाडीत गुरांचा वास शिरतो ना, तेच कोलिंगा. तिथलं भूजल इतकं खारट की पूर्वी पिण्याचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून यायचं. (२०१६ ची लातूरची रेल्वे आठवली असेल.) यूसीएलएने तिथे दिवसाला सुमारे ५,००० गॅलन देणारा आरओ प्रकल्प लावला.

पण माझ्या यंत्रातला पडदा लोब-सौरीराजन यांचा नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी मिनिआपोलिसमध्ये जॉन कॅडॉट यांनी वेगळा मार्ग काढला. सच्छिद्र आधारावर दोन रसायनांचा संयोग घडवून पॉलिअमाइडचा अतिपातळ थर तिथल्या तिथे जमवायचा. मायक्रॉनच्या दशांशाएवढा. कमी दाबावर जास्त पाणी, जास्त शुद्ध. घरच्या नळाच्या दाबावर आरओ चालतो तो यामुळे. संशोधनाला सरकारी पैसा लागलेला होता, त्यामुळे पेटंट कोणाचं यावर कंपन्या कोर्टात गेल्या, आणि १९९२ मध्ये अपील कोर्टाने ते सरकारचं ठरवलं. या पडद्याचा दोष एकच, पण मोठा. जुना सेल्युलोजचा पडदा थोडं क्लोरीन सोसायचा, पॉलिअमाइडला ते खातं. म्हणजे कोळशाचं नळकांडं वेळेवर बदललं नाही की पुढचा मेम्ब्रेन मरतो. वरून बघून काहीही कळत नाही.

यंत्र विकणारे काका मराठीच निघाले. निवृत्त झालेले, टाकी मोडून मुलीकडे टेक्ससला चाललेले. ऐंशी डॉलर मागत होते. गॅरेजमध्ये नळाला जोडून दाखवलं.

“बघ, तीन वर्षं झाली, पण नव्यापेक्षा जोरात पाणी देतो,” ते कौतुकाने म्हणाले.

मी मोजपात्र आणि टीडीएस मीटर नेला होता. मेम्ब्रेनवर ७५ गॅलन प्रतिदिन लिहिलेलं, म्हणजे मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर. भरलं ३३०. नळाला २९०, मेम्ब्रेननंतर ३५. म्हणजे ८८ टक्के क्षार अडताहेत, आणि चांगला मेम्ब्रेन ९८ अडवतो. त्याच्यानंतर सहाच्या आसपास यायला हवं. गाळाने तुंबलेला मेम्ब्रेन हळू होतो. क्लोरीनने खाल्लेला उलट सैल पडतो, पाणी वाढतं आणि क्षारही निसटतात.

“काका, कोळसा कधी बदलला होता?”

“कोळसा? अरे, पांढरी फिल्टर काळी पडली की बदलायचो. हा काळाच असतो, त्याचं काय कळणार?”

त्यांनी फसवलं असं मला वाटत नाही. जोरात पाणी म्हणजे चांगलं यंत्र, हे कुणालाही पटण्यासारखंच आहे. मी त्यांना आकडे दाखवले. ते थोडा वेळ मीटरकडे बघत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे गेल्या वर्षभर शेवाळ का येत होतं ते आज कळतंय.” चाळीसला सौदा झाला. त्या पैशात मी तीन नळकांड्यांचे सांगाडे, गेज आणि नळ्या घेतल्या असं धरलं. आतलं सगळं बदलायचंच होतं. सांगाड्याला चिरा नाहीत ना आणि रबरी रिंगा कडक झाल्या नाहीत ना, एवढं मात्र बोटाने बघून घेतलं.

उरलं शेवटचं नळकांडं, रेझिनचं. याचा उगम शेतात आहे. इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांना १८५० च्या सुमारास दिसलं, की मातीतून अमोनियम सल्फेटचं पाणी झिरपवलं तर खाली कॅल्शियम सल्फेट येतं. माती अमोनियम ठेवून घेते आणि बदल्यात कॅल्शियम देते. १९३५ मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी हीच देवघेव करणारं कृत्रिम रेझिन बनवलं. ग्रामोफोनच्या रेकॉर्डी कुटून त्यांना हे सुचलं, असं सांगितलं जातं. रेझिनची देवघेव मोजकी असते, साठा संपला की संपला. मेम्ब्रेनमधून ६ ऐवजी ३५ आले तर रेझिन जवळजवळ सहापट वेगाने संपतं. काकांकडे रेझिनची बिलं असती तर मेम्ब्रेनची तब्येत मीटरशिवायही कळली असती. आमच्या भागात पाण्यात क्लोरामाइन आहे, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया एकत्र. कोळशाने क्लोरीन तोडलं तरी अमोनिया सुटतो, आणि तो पकडायचं काम पुन्हा या रेझिनचंच. थॉम्पसनच्या मातीने केलं तेच.

नवा मेम्ब्रेन बसवल्यावर पहिल्या तासाचं पाणी ओतून दिलं, मग मीटर लावला. मेम्ब्रेननंतर ५, रेझिननंतर ०.

राहिलं वाया जाणारं पाणी. माझ्या यंत्रात एका भागाला तीन भाग बाहेर पडतात. वाफेची भरपाई आणि आठवड्याची पाणीबदली धरून मला आठवड्याला सुमारे ५० लिटर शुद्ध पाणी लागतं, म्हणजे १५० लिटर नाल्यात. भारतात २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं ते याच नासाडीमुळे. वारंवार दुष्काळ पडणाऱ्या राज्यात शोभेच्या टाकीसाठी हे करणं मला खटकतं. पण हिशेब मांडला तर हे पाणी घाण नसतं. चार भागांतले क्षार तीन भागांत आले, इतकंच. म्हणजे २९० चे साधारण ३८५. सांगलीला आमच्याकडे आई आरओची नळी बादलीत सोडते आणि त्यावर फरशी पुसून होते. मी बाल्कनीत दोन पिंपं ठेवलीत. लिंबू, कढीपत्ता आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे टोमॅटो मिळून आठवड्याला शंभर लिटर संपवतात. उरलेल्या पन्नासाचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये. तूर्तास मी गाडी धुतोय, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा.