एका शिलिंगची गोष्ट

माझे वडील रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत. डॉक्टरांनी रोज सांगितली होती. पण पेन्शनमध्ये ती रोज परवडत नाही, हे त्यांनी घरात कुणालाच कळू दिले नाही. औषधाच्या दुकानात पैसे मोजताना मला हे हटकून आठवते आणि प्रश्न पडतो, औषधाच्या खर्चातला किती वाटा रोग्याने उचलावा?

विम्याच्या भाषेत या वाट्याला 'को-पे' म्हणतात. तो कधी टक्क्यांत असतो, कधी ठरावीक रकमेत. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. रोजच्या गोळ्या बहुधा आपल्याच खिशातून येतात. पण ब्रिटनमध्ये रोजची औषधेही सरकारी योजनेत आली, आणि तिथे या वाट्यावरून मोठे राजकारण घडले.

५ जुलै १९४८ रोजी तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन. वेल्समधल्या खाणकामगाराचे हे चिरंजीव कोवळ्या वयात स्वतःही खाणीत राबले होते. डॉक्टर, औषध, चष्मा, कवळी, सारे मोफत. पण खर्च अंदाजाबाहेर गेला. १९४९ मध्येच औषधाच्या चिठ्ठीवर शुल्क लावण्याचा अधिकार मजूर पक्षाच्या सरकारने कायद्याने घेऊन ठेवला. वापरला मात्र नाही. १९५१ मध्ये कोरियन युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला, तेव्हा अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्मा आणि कवळीवर शुल्क लावले. बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्यासोबत राजीनामा देणाऱ्यांत हॅरॉल्ड विल्सन हे तरुण मंत्री होते.

पुढे हुजूर पक्षाचे सरकार आले. जून १९५२ पासून दर चिठ्ठीला एक शिलिंग आकारला जाऊ लागला. १९५६ मध्ये तोच शिलिंग चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला लागू झाला. औषध स्वस्त असो की महाग, रक्कम तीच!

विल्सन पंतप्रधान झाले आणि १९६५ मध्ये त्यांच्या सरकारने हे शुल्क रद्द केले. पण पौंडाचे अवमूल्यन झाले आणि जून १९६८ मध्ये त्याच सरकारला ते परत आणावे लागले, अडीच शिलिंग दराने. या वेळी मुले, वृद्ध, गर्भवती आणि मधुमेह, अपस्मार अशा काही आजारांच्या रोग्यांना सूट मिळाली. दमा मात्र यादीत आला नाही. वेल्सने २००७ मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये शुल्क काढून टाकले. इंग्लंडमध्ये मे २०२४ मध्ये ते दर औषधाला ९ पौंड ९० पेन्स झाले.

शुल्क असले की लोक उगाच औषधे नेत नाहीत, असा युक्तिवाद असतो. तो खोटा नाही. पण १९७० च्या दशकात अमेरिकेत रँड संस्थेने हजारो लोकांवर एक प्रयोग केला. खिशातून पैसे द्यावे लागले तेव्हा लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी केले. गरीब रक्तदाबाच्या रोग्यांचा रक्तदाब मोफत उपचार मिळाले तिथे अधिक आटोक्यात राहिला.

म्हणून पॉलिसी घेताना हप्त्याच्या आधी मी को-पेचे कलम वाचतो. वडिलांनी गोळ्यांवर वाचवलेले पैसे कुठल्याच हिशेबात दिसले नाहीत. नंतरचे रुग्णालयाचे बिल मात्र दिसले.