मुका मार आणि १८ दिवस : लाला लजपतराय यांच्या मृत्यूचा प्रश्न

#थ्रेड

१/ धर्माबादपासून सावंतवाडीपर्यंत शाळेत एक वाक्य पाठ झालेले असते : लाठीमारात लाला लजपतराय यांचा मृत्यू झाला. परंतु लाठीमार ३० ऑक्टोबर १९२८ चा आणि मृत्यू १७ नोव्हेंबरचा. मधल्या १८ दिवसांचे काय?

२/ एकही भारतीय सदस्य नसलेले सायमन कमिशन त्या दिवशी लाहोरला पोहोचले. निषेधाच्या मिरवणुकीत अग्रभागी ६३ वर्षांचे लालाजी होते. पोलीस अधीक्षक जेम्स स्कॉट यांच्या आदेशाने लाठ्या चालल्या आणि लालाजींच्या छातीवर वार बसले. त्याच संध्याकाळी त्यांनी सभेत भाषणही केले. पुढे हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले.

३/ मुक्या माराने कातडी फुटत नाही, बरगडीही शाबूत राहू शकते. तरी छातीच्या हाडामागील हृदयाच्या स्नायूला इजा होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे आतले अस्तर फाटले, तर तेथे गुठळी होऊन झटका येतो. बहुधा हे लवकर घडते. क्वचित मध्ये काही दिवस किंवा आठवडेही जातात.

४/ आज अशा रुग्णाचा ईसीजी, ट्रोपोनिनची रक्तचाचणी आणि इको होतो. १९२८ साली यांतील शेवटच्या दोन चाचण्या अस्तित्वातच नव्हत्या. ब्रिटिश संसदेत सरकारने उत्तर दिले की, मृत्यू माराने झाल्याचा पुरावा नाही. नेहरूंनी आत्मचरित्रात सावध नोंद केली : निश्चित सांगणे कठीण, मात्र माराने अंत लवकर ओढवला असे लालाजींच्या डॉक्टरांचे मत होते.

५/ क्रांतिकारकांच्या मनात अशी शंका नव्हती. बरोबर एका महिन्याने, १७ डिसेंबरला, पुणे जिल्ह्यातील खेडचे २० वर्षांचे शिवराम हरी राजगुरू आणि भगतसिंग यांनी लाहोरमध्ये गोळ्या झाडल्या. लक्ष्य स्कॉट होते. मारले गेले साँडर्स. २३ मार्च १९३१ रोजी सुखदेवांसह दोघे फासावर गेले. खेड आज राजगुरुनगर आहे.

६/ ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘घडले नाही’ असे नव्हे. आणि वृद्धाच्या छातीवर लाठी मारणे हा अन्याय ठरण्यासाठी त्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. म्हणून पाठ्यपुस्तकातले वाक्य मी असे लिहीन : लाठीमारानंतर १८ दिवसांनी लालाजींचा हृदयविकाराने मृत्यू झाला, त्यांच्या डॉक्टरांच्या मते माराने तो जवळ आणला.

तुम्ही कसे लिहाल?