वनस्पती-अर्क उद्योगातील गाळणी : निवड आणि सुरक्षितता

हळदीतील कुर्कुमिन, मिरचीतील रंग आणि तिखटपणा, झेंडूच्या पाकळ्यांतील ल्युटिन, मोगऱ्याचा सुगंध किंवा सोयाबीनचे तेल हे सारे पदार्थ आज मोठ्या प्रमाणावर द्रावकाच्या साहाय्याने वेगळे केले जातात. वनस्पतीचा सुका भाग दळून किंवा त्याच्या पापड्या करून त्यावर हेक्झेन, अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट अथवा इथेनॉल सोडायचे, हवा तो घटक त्यात विरघळू द्यायचा आणि नंतर द्रावक उडवून अर्क मिळवायचा, अशी ही पद्धत आहे. केरळमधील कोची परिसर मसाल्यांच्या ओलिओरेझिनसाठी ओळखला जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद केवळ पूड करून न विकता तिचा अर्क काढून विकण्याकडे अनेक लहान उद्योजकांचे लक्ष वळले आहे.

असा प्रकल्प उभारताना एक्स्ट्रॅक्टर, बाष्पीभवन यंत्र आणि कंडेन्सर यांवर बराच विचार होतो. गाळणीची खरेदी मात्र बहुधा शेवटी आणि किमतीकडे पाहून केली जाते. प्रत्यक्षात संपूर्ण बंदिस्त यंत्रणेत माणसाने वारंवार हाताने उघडावे असे ठिकाण गाळणीचेच असते. त्यामुळे कामगाराची सुरक्षितता आणि ग्राहकापर्यंत जाणाऱ्या अर्काची शुद्धता या दोन्ही गोष्टी तिच्या निवडीवर अवलंबून असतात.

धोका नेमका कोणता?

हेक्झेनचा ज्वलनांक शून्याखाली सुमारे २२ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे महाराष्ट्रातील कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते. हवेत हेक्झेनच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.१ ते ७.५ टक्के असले, की ते मिश्रण स्फोटक ठरते. ही वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यांत साचते आणि गटारांत उतरते. ती पेटवण्यासाठी ०.२४ मिलिज्यूल एवढी ऊर्जा पुरते. कृत्रिम धाग्यांचे कपडे काढताना जाणवणारी बारीक ठिणगीही याहून अधिक ऊर्जेची असू शकते.

याचा धडा अमेरिकेतील लुइव्हिल शहराला १३ फेब्रुवारी १९८१ रोजी मिळाला. तेथील एका सोयाबीन प्रक्रिया कारखान्यातून हेक्झेन सांडपाण्याच्या वाहिन्यांत गेले आणि पहाटे त्याच्या वाफेचा स्फोट झाला. तीन किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते आणि त्याखालील वाहिन्या उद्ध्वस्त झाल्या. सुदैवाने जीवितहानी टळली. द्रावकाची गळती कारखान्याच्या भिंतीआड राहत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

आगीखेरीज आरोग्याचाही प्रश्न आहे. एन-हेक्झेनची वाफ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. बधिरपणा येतो, स्नायू दुर्बल होतात. जपानमध्ये १९६० च्या दशकात चपला तयार करणाऱ्या कामगारांत हा विकार आढळला होता. रोज गाळणी उघडून ओला चोथा खरवडणारा कामगार याच धोक्याच्या सर्वाधिक जवळ असतो.

गाळणी कोठे कोठे लागते?

एका गाळणीने सर्व काम होत नाही. पहिली गाळणी एक्स्ट्रॅक्टरच्या तळाशी असते. जाळीदार तळ चोथा अडवतो आणि द्रावकात विरघळलेला अर्क, म्हणजेच ‘मिसेला’, खाली सोडतो. दुसरी गाळणी मिसेलातील बारीक भुकटी काढते. मेण किंवा रंग काढण्यासाठी सक्रिय कोळसा अथवा ब्लीचिंग अर्थ वापरल्यास ती अडवण्यासाठी तिसरा टप्पा लागतो. साठवणुकीपूर्वीची अखेरची गाळणी तयार द्रवातील सूक्ष्म कण टिपते.

मधले टप्पे वगळले, तर त्याचा परिणाम पुढे दिसतो. मिसेलातील भुकटी बाष्पीभवन यंत्राच्या तापलेल्या पृष्ठभागावर चिकटते, करपते आणि उष्णतेचे वहन रोखते. परिणामी द्रावक पूर्ण उडत नाही आणि अर्कात त्याचा अंश राहतो. गाळणी स्वतः द्रावक काढत नसली, तरी ते निघण्यासाठी आवश्यक असलेली स्थिती तीच निर्माण करते. मसाल्यांच्या ओलिओरेझिनमध्ये हेक्झेनचा अंश २५ पीपीएमपेक्षा आणि अ‍ॅसिटोनचा ३० पीपीएमपेक्षा अधिक नसावा, अशी अमेरिकेच्या अन्न नियमांतील मर्यादा आहे. निर्यातदारास या मर्यादेच्या आत राहावेच लागते.

उघडी की बंदिस्त?

पाट आणि चौकटी एकावर एक दाबून बसवलेला पारंपरिक फिल्टर प्रेस तेलघाण्यांत सर्रास दिसतो. तेलासाठी तो उपयुक्त असला, तरी ज्वालाग्राही द्रावकासाठी योग्य नाही. त्याच्या चौकटींच्या सांध्यांतून द्रव पाझरतो, वाफ बाहेर येते आणि तो साफ करताना पूर्ण उघडावा लागतो.

द्रावकासाठी बंद भांड्यातील गाळण्याच निवडाव्यात. चोथा जास्त असेल, तर नुत्शे पद्धतीचे दाबाखाली चालणारे गाळणयंत्र सोयीचे पडते. त्यात ढवळणारे पाते आणि तापवण्याचे जॅकेट असल्यास चोथा त्याच भांड्यात धुता व वाळवता येतो. उघडण्याआधीच द्रावक निघून जात असल्याने कामगाराचा वाफेशी संपर्क बराच कमी होतो. आडव्या तबकड्या असलेला स्पार्कलर फिल्टर कोळसा किंवा माती गाळण्यास चांगला. बॅग फिल्टर स्वस्त व सुटसुटीत असतो आणि मध्यम प्रमाणातील भुकटीसाठी पुरतो. कार्ट्रिज फिल्टर अखेरच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा. भरपूर चोथा असलेल्या द्रवापुढे तो लावल्यास काही मिनिटांतच तुंबतो.

निर्वात पंपाने ओढून गाळण्याची पद्धत प्रयोगशाळेत रूढ आहे. परंतु अ‍ॅसिटोन ५६ अंशांना आणि हेक्झेन सुमारे ६९ अंशांना उकळते. निर्वातात हे तापमान आणखी खाली येते. त्यामुळे द्रावकाची वाफ पंपात ओढली जाते आणि तेथून बाहेर पडते. कारखान्यात नायट्रोजनच्या दाबाने द्रव पुढे ढकलणे अधिक सुरक्षित असते. यासाठी कॉम्प्रेसरची हवा कदापि वापरू नये, कारण हवेबरोबर प्राणवायू भांड्यात जातो आणि स्फोटक मिश्रण तयार होते.

मायक्रॉनचा आकडा कसा वाचावा?

गाळणीवर ‘५ मायक्रॉन’ असे लिहिलेले असले, तरी तेवढ्यावर विसंबून राहू नये. ‘नॉमिनल’ मानांकन म्हणजे त्या आकाराच्या कणांपैकी निर्माता सांगेल तितका भाग अडतो आणि उरलेले कण पुढे जातात. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ मानांकनात त्या आकाराचे जवळजवळ सर्व कण अडणे अपेक्षित असते. म्हणून खरेदी करताना मायक्रॉनसोबत कार्यक्षमतेची टक्केवारीही लेखी मागावी.

तारेच्या जाळीचा ‘मेश’ आणि मायक्रॉन यांचा हिशेब उलटा चालतो. मेशचा आकडा वाढला, की छिद्र लहान होते. १०० मेश म्हणजे साधारण १५० मायक्रॉन, २०० मेश म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन आणि ३२५ मेश म्हणजे सुमारे ४५ मायक्रॉन. जाड जाळीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने बारीक गाळणीकडे जाणे आर्थिकदृष्ट्याही परवडते. पहिल्याच टप्प्यात १ मायक्रॉनची गाळणी बसवली, तर ती तुंबते, दाब वाढतो आणि कामगाराला ती पुन्हा पुन्हा उघडावी लागते. म्हणजे बचत तर होत नाहीच, धोका मात्र वाढतो.

गाळणीचे आणि सीलचे साहित्य

बहुतेक चुका येथे होतात. भांड्यासाठी ३१६ एल प्रतीचे स्टेनलेस स्टील सर्वसाधारणपणे योग्य ठरते. त्याच धातूची विणलेली अथवा सिंटर्ड जाळी पुनःपुन्हा धुऊन वापरता येते आणि तिच्यातून धागे सुटत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनच्या बॅगा स्वस्त असतात व इथेनॉलमध्ये टिकतात, पण हेक्झेनमध्ये, विशेषतः ते कोमट असल्यास, पॉलिप्रॉपिलीन फुगते आणि छिद्रांचा आकार बदलतो. पीटीएफई सर्व नेहमीच्या द्रावकांत टिकते, मात्र ते महाग असते. शिवलेल्या बॅगेत सुईच्या भोकांतून कण निसटतात. त्यामुळे शिलाईऐवजी उष्णतेने जोडलेली बॅग अधिक भरवशाची असते.

गाळणी योग्य असूनही तिचे सील चुकीचे असल्याने गळती होते. नायट्राइल रबर हेक्झेनमध्ये चालते, अ‍ॅसिटोनमध्ये नाही. ईपीडीएम अ‍ॅसिटोन आणि इथेनॉलमध्ये टिकते, परंतु हेक्झेनमध्ये व वनस्पतींच्या तेलांत फुगते. एफकेएम, ज्याला बाजारात ‘व्हायटन’ म्हणतात, ते हेक्झेनमध्ये उत्तम, पण अ‍ॅसिटोन व इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये निरुपयोगी ठरते. सिलिकॉनही हेक्झेनमध्ये फुगते. पीटीएफईचे आवरण असलेले सील या सर्वांत चालते. द्रावक बदलले, की सीलही तपासले पाहिजे, हा नियम प्रकल्पाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. शुद्ध पीटीएफईचे गॅस्केट दाबाखाली हळूहळू पसरते. म्हणून त्याचे बोल्ट ठरावीक काळाने पुन्हा आवळावे लागतात.

गाळण्यास मदत करणारी डायटोमाइटची भुकटी वापरायची असल्यास ती अन्नयोग्य प्रतीचीच असावी आणि शिसे व आर्सेनिक यांच्या प्रमाणाचे प्रमाणपत्र मागावे. भाजलेल्या डायटोमाइटमध्ये स्फटिकरूपी सिलिका असते. ती ओतताना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक असल्याने मुखवटा आवश्यक आहे.

स्थिर विद्युत : न दिसणारा शत्रू

हेक्झेनसारखे वीज न वाहून नेणारे द्रव बारीक गाळणीतून वेगाने जाताना विद्युतभारित होतात. गाळणीची छिद्रे जितकी बारीक, तितका भार अधिक. असा द्रव थेट टाकीत पडला, तर ठिणगी उडू शकते. यावर उपाय म्हणजे गाळणीनंतर द्रवाला भार सोडण्यास अवधी देणे. बारीक गाळणी आणि टाकी यांच्यामध्ये द्रव किमान ३० सेकंद धातूच्या नळीत किंवा भांड्यात राहील, अशी रचना करण्याचा संकेत आहे. गाळणीचे भांडे, झाकण, नळ्या आणि टाकी परस्परांशी तारेने जोडून अर्थिंग करावे. या धातूच्या जोडणीचा रोध १० ओहमच्या आत असावा. प्लास्टिकच्या बॅगेला धातूच्या टोपलीचा आधार असला, तरी टोपली भांड्याला नीट टेकली आहे ना, हे पाहावे. अधांतरी राहिलेला धातूचा तुकडा सर्वांत धोकादायक. द्रव टाकीत वरून न ओतता तळापर्यंत नेलेल्या नळीने सोडावा.

गाळणी उघडताना

प्रत्येक बंदिस्त गाळणीवर आत आणि बाहेर असे दोन दाबमापक आणि एक सुरक्षा झडप असणे अगत्याचे आहे. दोन दाबांतील फरक गाळणी कितपत तुंबली, हे सांगतो. बॅग फिल्टरमध्ये हा फरक सुमारे १ बारच्या आसपास पोहोचला, की बॅग बदलण्याची वेळ झाली, असे समजले जाते. कार्ट्रिजच्या बाबतीत निर्मात्याने दिलेली मर्यादा पाळावी. फरक वाढत जाऊन अचानक शून्यावर आला, तर गाळणी साफ झालेली नसून फाटलेली असते, हे कामगारांना शिकवणे गरजेचे आहे.

उघडण्यापूर्वी दाब पूर्ण सोडावा, उरलेला द्रव काढून घ्यावा, नायट्रोजन फिरवून वाफ कंडेन्सरकडे न्यावी आणि वाफमापकाने खात्री करावी. आत दाब असताना झाकण उघडताच येणार नाही, अशी कुलूपरचना असलेले भांडे थोडे महाग पडले, तरी तेच घ्यावे. नायट्रोजन बंद खोलीत साचल्यास गुदमरून मृत्यू येऊ शकतो. त्यामुळे वायुवीजन हवेच. तेल शोषलेली ब्लीचिंग अर्थ उघड्या हवेत आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती ढीग करून न ठेवता ओली करून झाकणाच्या धातूच्या पिंपात ठेवावी.

कायद्याची बाजू

ज्वलनांक २३ अंशांपेक्षा कमी असलेले हेक्झेन हे ‘अ’ वर्गातील पेट्रोलियम समजले जाते. त्याच्या साठवणुकीसाठी लागणाऱ्या परवान्यांचे काम नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे (पेसो) आहे. इथेनॉलसाठी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू होतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. गाळणीजवळील मोटार, दिवे व स्विच फ्लेमप्रूफ असणेही आवश्यक आहे. घरगुती स्वयंपाकघरात, गाळ्यात किंवा निवासी इमारतीच्या तळघरात हे द्रावक वापरून अर्क काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

- ही गाळणी व तिचे सील आपल्याच द्रावकात आणि आपल्याच तापमानाला टिकते, याचे लेखी प्रमाण आहे का?
- मायक्रॉन मानांकन नॉमिनल आहे की अ‍ॅब्सोल्यूट, आणि कार्यक्षमता किती टक्के?
- भांडे किती दाबासाठी बनवले आहे आणि त्याची पाण्याने दाबचाचणी झाल्याचा दाखला मिळेल का?
- अन्नाशी संपर्कास योग्य असल्याचे प्रमाणपत्र आहे का? धाग्यांवर तेल किंवा सिलिकॉनचा थर तर नाही?
- अर्थिंगसाठी स्वतंत्र खूंट दिला आहे का?
- चोथा न उघडता धुण्याची किंवा वाळवण्याची सोय आहे का?
- बदली बॅगा, कार्ट्रिज आणि सील स्थानिक बाजारात मिळतात का?

शेवटचा प्रश्न साधा वाटला, तरी महत्त्वाचा आहे. हवे ते सील वेळेवर मिळाले नाही, की कामगार हाताशी असलेले रबर कापून बसवतो आणि आधीची सारी दक्षता तेथेच वाया जाते. गाळणीची किंमत ठरवताना तिच्या सुट्या भागांचा वर्षभराचा खर्च धरावा आणि बदली सीलचे किमान दोन संच प्रकल्पाच्या भांडारात कायम शिल्लक ठेवावेत.