साचे राहिले म्हणून गाड्या राहिल्या

इंग्लंडात शनिवारी शेजारी जुन्या एमजीबीखाली शिरून वेल्डिंग करताना दिसतो ना? त्यामागे इतिहास आहे, मंडळी! १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला जुळणी झालेल्या या मोटारीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. दारांखालचे पोकळ सिल हा तिचा कणा. पाऊस आणि रस्त्यावरचे मीठ यांनी तो आतून गंजतो. दाराच्या चौकटीला आधी आडवा आधार न देता सिल कापला, तर गाडी मधोमध वाकते. कारखाना १९८० साली बंद पडला. पण ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साचे शोधून १९८८ साली नवी कोरी बॉडी बाजारात आणली. घरच्या गॅरेजात आज मूळ मापाचा पत्रा बसतो, तो कुणीतरी साचे भंगारात जाऊ दिले नाहीत म्हणून.