चिंबोरीचं बी कुठून आणायचं?

नवी मुंबई म्हटलं की आज उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण १९७० साली सिडको स्थापन झाली, तेव्हा इथं भाताची खाचरं होती, मिठागरं होती आणि ठाणे खाडीच्या काठानं तिवरांचं रान होतं. दिवाळे, सारसोळे या गावांतले कोळी त्या चिखलातली चिंबोरी धरून संसार चालवीत. मग ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. भराव पडले, सांडपाणी आलं, मासळी आटली. साहजिकच विचार आला, चिंबोरी तळ्यातच का वाढवू नये?

वाढवता येते, पण चिंबोरी म्हणजे कोंबडी नव्हे! वाढताना ती कवच टाकते. त्या घटकेला ती अगदी मऊ असते आणि शेजारचीच चिंबोरी तिला खाऊन टाकते. म्हणून एकेक चिंबोरी निराळ्या पेटीत ठेवावी लागते, नाहीतर तळ्यात लपायला आडोसे करावे लागतात. खर्च वाढतो, पण निभतं.

खरी अडचण बियाची. अंडी घालायला मादी खाडी सोडून समुद्राकडे जाते. अंडी दहा लाखांवर असतात, पण बाहेर पडणारं पिल्लू आईसारखं दिसतच नाही. पाच-सहा रूपं पालटून महिन्याभरानं कुठं त्याचा खेकडा होतो. तोवर पाण्यातलं मीठ जरा कमीजास्त झालं की संपलं. तामिळनाडूतल्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्रानं हे बी तयार करून दाखवलं. तरी शंभरांतली सातेक जगली तर पुष्कळ.

शेवंडीचं याहून कठीण. तिचं पानासारखं पातळ पिल्लू कित्येक महिने समुद्रात तरंगतं. मुंबईच्या पाण्यातली चपटी शेवंड ट्रॉलरांनी इतकी उपसली की १९९४ पर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली. ती उणीव कुठल्या तळ्यानं भरून काढली नाही.

२००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं तिवरांची तोड थांबवली. २०१७ साली राज्य सरकारनं कांदळवनाकाठच्या गावांसाठी उपजीविकेची योजना काढली; तिच्यात खेकडापालनही आहे. पण बी दूरचं आणि महाग पडलं की तळेवाला काय करणार? खाडीतलीच बारकी पिल्लं धरणार. एक तळं भरतं, खाडी तेवढी रिकामी होते.

गुरुजींनी मुलांना एक जरूर दाखवावं. चिंबोरी उलटी केली की पोटावर झाकण दिसतं. नराचं निमुळतं, मादीचं रुंद. त्या रुंद झाकणाखाली नारिंगी अंड्यांचा पुंजका असला, तर ती मादी समुद्राच्या वाटेवर होती.