माचणूरची दंतकथा आणि पोटार्थी शिलेदार

मोहोळ तालुक्यातील बेगमपूर हे गाव भीमेच्या डाव्या तीरावर आहे. औरंगजेबाच्या घराण्यातील एका स्त्रीच्या कबरीवरून त्यास हे नाव पडले, असे मानतात. समोरच्या तीरावर माचणूरचा किल्ला व सिद्धेश्वराचे देवालय आहे. जुन्या ब्रह्मपुरीच्या या परिसरात औरंगजेबाची छावणी इ. स. १६९५ च्या मे महिन्यापासून १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत होती. बादशाहाने तिचे नाव इस्लामपुरी ठेविले.

या मुक्कामासंबंधी भीमाकाठी एक कथा प्रचलित आहे. बादशाहाने सिद्धेश्वराचे लिंग फोडण्यास शिपाई पाठविले. तोच भुंग्यांचे मोहोळ उठून त्यांची दाणादाण उडाली. मग त्याने देवास नैवेद्य म्हणून मांसाचे ताट धाडिले. वरील वस्त्र दूर करिताच त्यात पांढरी फुले दिसली. अखेरीस बादशाहाने नमते घेऊन देवस्थानास नेमणूक करून दिली. मांसाचे 'नूर' पालटले म्हणून माचणूर, अशी व्युत्पत्तीही या कथेस जोडलेली आहे. ती अर्थातच मागाहून सुचलेली दिसते. 'ऊर' हा ग्रामवाचक अंत्यावयव कानडी असून रायचूरसारख्या अनेक नावांत तो आढळतो.

कथेतील दोन्ही चमत्कार जुन्याच साच्यातील आहेत. भ्रमरांच्या योगे असुराचा नाश करणारी भ्रामरी देवी मार्कंडेय पुराणात येते, आणि कबीराच्या प्रेताची फुले झाल्याची कथा सर्वश्रुत आहे. तथापि एवढ्यावरून कथा टाकाऊ ठरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकास चमत्काराहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे तिच्यातील शिपाई. त्यांस नाव नाही, जात नाही, धर्मही सांगितलेला नाही. तो ऐकणाऱ्याने गृहीत धरावयाचा.

प्रत्यक्ष छावणी कशी होती? ती ब्रह्मपुरीस येण्याच्या सुमारे दोन महिने आधी जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने ती कृष्णाकाठी गलगले येथे पाहिली. तिचा घेर ३० मैल, घोडदळ ६०,०००, पायदळ १,००,००० असे आकडे तो देतो. ते ऐकीव असल्याने जपूनच घ्यावेत. परंतु एवढा जमाव एका धर्माचा नव्हता, हे निःसंशय. दलपतराव बुंदेला व रामसिंह हाडा हे बादशाही सेवेतच होते. दलपतरावाच्या पदरी असलेला भीमसेन सक्सेना हा कायस्थ लेखक मोगली मोहिमांचा वृत्तांत लिहिताना दक्षिणेतील देवस्थानांचीही वर्णने करतो.

म्हसवडच्या नागोजी माने याचे उदाहरण तर याच मुलखातील आहे. त्याने मोगलांची चाकरी केली, काही काळ तो मराठ्यांकडे आला व पुन्हा बादशाहाकडे गेला. इ. स. १६९७ च्या जून महिन्यात शंभुमहादेवाच्या डोंगरात संताजी घोरपडे मारला गेला, तो नागोजीच्या हातून. संताजीने त्याचा मेहुणा अमृतराव निंबाळकर यास ठार केले होते, त्याचा हा सूड, असे परंपरा सांगते. संताजीचे मस्तक बादशाहापुढे कोणी नेले याविषयी साधनांत मतभेद आहे. ते भीमाकाठच्या या छावणीत पोचले, याविषयी नाही. ज्या म्हसवडचा हा देशमुख, ते सिद्धनाथाचे प्रसिद्ध क्षेत्र होय!

आता एक कागद पाहावा. जदुनाथ सरकारांनी उद्धृत केलेल्या, राज्यारोहणाच्या ४९ व्या वर्षाच्या अखबारांत पंढरपूरचे देवालय पाडण्याचा हुकूम नोंदलेला आहे. त्यात महंमद खलील याच्याबरोबर कुऱ्हाडवाल्यांचा दरोगा म्हणून ज्याचे नाव येते, तो खिदमतराय आहे. यावरून बादशाहाच्या धोरणाची तीव्रता कमी होत नाही. हुकूम त्याचाच होता. माचणूरच्या नेमणुकीची कथा पुढे करून पंढरपूरचा हुकूम झाकताही येणार नाही. मात्र हुकूम अमलात आणणारा हात पगाराचा होता आणि तो कोणाचाही असू शके, एवढे या नोंदीवरून स्पष्ट होते.

दंतकथेने नेमका हाच हात अनाम ठेविला. बादशाहाची चाकरी केलेल्यांची घराणी पुढेही याच मुलखात वतने सांभाळून राहिली, देवळांत त्यांचे मान चालत राहिले. भुंग्यांनी पळविलेल्या शिपायांची नावे सांगण्याची वेळ आली असती, तर सांगणाऱ्यास ती आसपासच्या गावांतूनच घ्यावी लागली असती.